आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचं

‘फिक्स्चर लूज आहे, जॉब टाइट बसत नाही, म्हणून रिजेक्शन वाढतंय.’ भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये असलं वाक्य रोज कानावर पडतं. बोलणारा मराठी, ऐकणारा मराठी आणि वाक्यही मराठीच. पण त्यातले वजनदार शब्द मोजले तर पाच इंग्रजी निघतात: फिक्स्चर, लूज, जॉब, टाइट, रिजेक्शन. मराठी उरते ती फक्त क्रियापदांत आणि एका ‘म्हणून’मध्ये. म्हणजे शब्दांचा साठा या माणसाकडे भरपूर आहे. तरीही हीच गोष्ट ग्राहकाच्या ऑडिटरला इंग्रजीत सांगायची वेळ आली की तो सुपरवायझरच्या तोंडाकडे बघतो. शब्द असून वाक्य होत नाही, आणि शब्दांचं वाक्य करणं हे तर व्याकरणाचंच काम.

मुळा आणि पवना या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या जुन्या-नव्या सांगवीत अशी माणसं घरोघरी सापडतात. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, खानदेशातून आलेली पोरं इथे आणि शेजारच्या पिंपळे गुरवमध्ये खोली घेऊन राहतात. मुळा ओलांडली की औंधची शासकीय आयटीआय, गावातच बाबूरावजी घोलप महाविद्यालय, नाशिक फाट्यावरून वळलं की भोसरी आणि तिथून नाशिक महामार्गाने चाकण. फिटर, टर्नर, वेल्डर, क्वालिटी इन्स्पेक्टर, स्टोअर्समधले कारकून, दवाखान्यातल्या परिचारिका या सगळ्यांना इंग्रजी लागतं, पण ते ठरावीक ठिकाणी: मुलाखतीत, शिफ्टच्या नोंदीत, रजेच्या मेसेजमध्ये, ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये आणि ऑडिटच्या दिवशी.

शाळेत इंग्रजी झालेलं असतंच. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून असे. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे याच पट्ट्यातले. चिंचवडचं प्रेक्षागृह त्यांच्याच नावाचं आहे. १९९४च्या आगेमागे जन्मलेली मुलं ही पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी. त्यांनी दहा वर्षं इंग्रजी वाचलं, गाइडमधून उत्तरं पाठ केली, ‘चेंज द व्हॉइस’चे गुणही मिळवले. फक्त स्वतःच्या कामाचं एक वाक्य स्वतः जुळवायची वेळ क्वचितच आली.

आता पुन्हा शिकायचं तर पहिल्या पानापासून सगळं व्याकरण काढून बसण्याची गरज नाही. मराठी माणूस इंग्रजीत चुकतो तो बहुतेक ठरलेल्या सात-आठ जागी, आणि चुकण्याचं कारणही ठरलेलं आहे: त्या जागी मराठी वाक्य वेगळ्या रीतीने बांधलं जातं. त्या जागा आधी पक्क्या केल्या की कामाचं बरंचसं इंग्रजी ताळ्यावर येतं. मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून शिकण्याची ही रीत जुनीच आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच पद्धतीने.

पुढची इंग्रजी उदाहरणं नागरीत दिली आहेत. वहीत उतरवताना ती रोमन लिपीत लिहावीत, म्हणजे स्पेलिंगही हाताखालून जातं.

जागा हीच विभक्ती

‘रमेशने सुरेशला सांगितलं’ आणि ‘सुरेशला रमेशने सांगितलं’, दोन्हींचा अर्थ एकच. सांगणारा कोण ते ‘ने’ सांगतो, ऐकणारा कोण ते ‘ला’ सांगतो, म्हणून मराठीत शब्द पुढेमागे झाले तरी बिघडत नाही. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय लागत नाहीत. ‘रमेश टोल्ड सुरेश’ उलटवून ‘सुरेश टोल्ड रमेश’ केलं की माणसंच बदलतात. इंग्रजीत कोणी केलं हे शब्दाच्या जागेवरून कळतं: क्रियापदाच्या आधी बसतो तो कर्ता, नंतर बसतं ते कर्म.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून दुसऱ्या जागी येतं आणि ‘कुठे, केव्हा, कसं’ हे सगळं मागे जातं. ‘मी काल दुसऱ्या शिफ्टला फिक्स्चर बदललं’ याचं इंग्रजी: ‘आय चेंज्ड द फिक्स्चर इन द सेकंड शिफ्ट यस्टर्डे.’ सवय लावायला सोपा उपाय आहे. मराठी वाक्य मनात आलं की आधी दोनच गोष्टी शोधायच्या, कोणी आणि काय केलं. ‘मी… बदललं.’ ‘आय चेंज्ड.’ एवढं तोंडातून निघालं की उरलेलं सावकाश जोडता येतं. वेळेपासून सुरुवात करणारा माणूस मात्र ‘यस्टर्डे सेकंड शिफ्ट फिक्स्चर…’ इथवर येतो आणि तिथेच थांबतो.

कर्ता गाळायची सवयही सोडावी लागते. ‘पाठवलं का?’ ‘हो, पाठवलं.’ हे मराठीत पूर्ण संभाषण आहे. इंग्रजीत ‘यस, सेंट’ असं मेलमध्ये लिहिलं तर कोणी, काय, हे वाचणाऱ्याने ओळखायचं राहतं. ‘आय सेंट इट.’ तीनच शब्द, पण वाक्य पुरं.

क्रियापद कोणाचं ऐकतं?

‘त्याने मेल पाठवला, त्याने फाइल पाठवली, त्याने ड्रॉइंग पाठवलं.’ पाठवणारा एकच, पण क्रियापद तीनदा बदललं, कारण भूतकाळात मराठी क्रियापद अनेकदा कर्माचं ऐकतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘ही सेंट’. क्रियापदावर लिंगाचा भार तर इंग्रजीत अजिबातच नाही. ‘जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात’ एवढी रूपं बिनचूक वापरणाऱ्याला ‘गो’ आणि ‘गोज’ ही दोनच रूपं सांभाळायची आहेत.

तरी नेमकी तीच दोन चुकतात. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम कर्ता असेल आणि साधा वर्तमानकाळ असेल, तर क्रियापदाला ‘एस’ लागतो: ‘द ऑपरेटर चेक्स द फर्स्ट पीस.’ ‘द मशीन मेक्स अ नॉइज.’ नामाला ‘एस’ लागला की ते अनेकवचनी होतं आणि क्रियापदाचा ‘एस’ जातो: ‘द ऑपरेटर्स चेक.’ सुरुवातीला ‘एस’ दोघांपैकी एकाकडेच, एवढं लक्षात ठेवलं तरी कार्यपद्धतीच्या कागदांतली बरीच वाक्यं सुधारतात, कारण ते कागद बहुतांशी याच काळात लिहिलेले असतात.

‘डिड’ आला की भूतकाळ संपला

‘आय डिड नॉट वेंट.’ ‘डिड यू सॉ?’ ही चूक पदवीधरसुद्धा करतात. मराठीत ‘गेलो’ला ‘नाही’ जोडलं की काम होतं: ‘गेलो नाही’. मूळ रूप जसंच्या तसं राहतं, म्हणून इंग्रजीतही ‘वेंट’ तसंच ठेवायचा मोह होतो. इंग्रजीत नकार आणि प्रश्न करायला ‘डू, डझ, डिड’ मदतीला येतात, आणि ते येताना काळ आणि ‘एस’ स्वतःकडे घेतात. मुख्य क्रियापद मग कोरं राहतं.

‘ही वर्क्स’ याचा नकार ‘ही डझ नॉट वर्क’. ‘वर्क्स’चा ‘एस’ ‘डझ’मध्ये गेला. ‘आय वेंट’ याचा नकार ‘आय डिड नॉट गो’. भूतकाळ ‘डिड’मध्ये गेला. प्रश्नातही तेच: ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ ‘व्हेन डिड द मशीन स्टॉप?’

‘इज, आर, वॉज, कॅन, विल’ हे मात्र स्वतःच पुढे उडी मारतात, त्यांना ‘डू’ लागत नाही: ‘इज द मटेरियल रेडी?’ आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडीही बंद होते. ‘व्हेअर इज द स्टोअर?’ बरोबर, पण ‘प्लीज टेल मी व्हेअर द स्टोअर इज.’

बारा काळ नकोत, सहा पुरेत

गाइडमधला बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावायला ठीक. कामाला सहा रूपं लागतात. रोजची रीत सांगायची तर साधा वर्तमान: ‘वी क्लीन द टँक ऑन सॅटरडे.’ आत्ता चालू असलेलं: ‘दे आर क्लीनिंग द टँक.’ अमुक वेळी झालेलं: ‘वी क्लीन्ड द टँक यस्टर्डे.’ झालंय आणि त्याचा परिणाम आत्ता आहे: ‘वी हॅव क्लीन्ड द टँक’, म्हणजे आता भरायला हरकत नाही. पुढे करायचं: ‘वी विल क्लीन द टँक टुमॉरो.’ आणि तेव्हापासून आजवर चालत आलेलं: ‘वी हॅव बीन यूजिंग धिस टँक सिन्स २०२२.’

यात मराठी माणसाला दोन ठिकाणी ठेच लागते. ‘मी काल आलोय’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं, म्हणून इंग्रजीतही ‘आय हॅव कम यस्टर्डे’ निघून जातं. इंग्रजीचा नियम कडक आहे: संपून गेलेली वेळ वाक्यात आली (काल, गेल्या आठवड्यात, २०२१मध्ये, साडेनऊला) की ‘हॅव’ बाद. ‘आय केम यस्टर्डे.’

दुसरी ठेच ‘पासून’ची. ‘मी दोन वर्षांपासून काम करतोय’ आणि ‘मी २०२३पासून काम करतोय’, मराठीत दोन्हीकडे ‘पासून’. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधी सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स’. ‘फॉर टू इयर्स’, ‘सिन्स २०२३’. आणि ‘करतोय’ दिसतं म्हणून ‘आय ॲम वर्किंग’ करायचं नाही, कारण काम मागून चालत आलं आहे: ‘आय हॅव बीन वर्किंग.’

‘आयएनजी’चा सोसही आवरावा. माहीत असणं, समजणं, हवं असणं, मालकीचं असणं या गोष्टी इंग्रजी ‘चालू क्रिया’ मानत नाही. ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ यांऐवजी ‘आय नो हिम’, ‘आय डोंट अंडरस्टँड’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

‘मला’चं इंग्रजी

मराठीतली कितीतरी रोजची वाक्यं ‘मला’ने सुरू होतात. इंग्रजीत तिथे ‘मला’ला शब्दशः जागा मिळतच नाही, कर्ता म्हणून ‘आय’ उभा राहतो आणि क्रियापद दरवेळी वेगळं येतं. ही वाक्यं एका पानावर लिहून पाठच करावीत.

मला दोन भाऊ आहेत: ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ मला ताप आहे: ‘आय हॅव अ फीव्हर.’ मला माहीत आहे: ‘आय नो.’ मला सुट्टी हवी आहे: ‘आय नीड अ डे ऑफ.’ मला लवकर जायचं आहे: ‘आय वाँट टु लीव्ह अर्ली.’ मला लवकर जावं लागणार आहे: ‘आय विल हॅव टु लीव्ह अर्ली.’ मला ड्रॉइंग वाचता येतं: ‘आय कॅन रीड अ ड्रॉइंग.’

‘जायचं आहे’ आणि ‘जावं लागणार आहे’ यांत साहेबाच्या कानाला केवढा फरक पडतो हे कामावरच्या माणसाला सांगायला नको. तोच फरक ‘वाँट टु’ आणि ‘हॅव टु’मध्ये आहे.

रजेचा मेसेज हे या पानाचं पहिलं गिऱ्हाईक. शाळेत शिकवलेलं ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु से’ मोबाइलवर कोणी वाचत नाही. ‘गुड मॉर्निंग, सर. आय हॅव अ फीव्हर, सो आय कॅनॉट कम टु वर्क टुडे. कुड यू प्लीज ग्रँट मी वन डेज लीव्ह? आय विल ब्रिंग द डॉक्टर्स सर्टिफिकेट टुमॉरो.’ काय झालं, काय हवं, पुढे काय करणार, एवढं त्यात आलं. विनंती ‘आय वाँट लीव्ह’ अशी केली की हुकूम वाटतो. मराठीतल्या ‘द्याल का?’चं काम इंग्रजीत ‘कुड यू प्लीज’ करतं.

छोटे शब्द: अ, ॲन, द आणि इन, ऑन, ॲट

मराठीत ‘द’ला जोडीदार नाही, म्हणून तो एक तर सगळीकडे पडतो किंवा कुठेच पडत नाही. कामापुरतं सूत्र असं: वस्तू ऐकणाऱ्याला नवी असेल आणि एकच, मोजता येण्याजोगी असेल तर ‘अ’, कुठली ते दोघांनाही ठाऊक असेल तर ‘द’. ‘आय फाउंड अ क्रॅक. द क्रॅक इज निअर द होल.’ पहिल्यांदा क्रॅक नवी होती, दुसऱ्या वाक्यात ती ओळखीची झाली.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर पाहून नव्हे, आवाज ऐकून ठरवायचं. इथे नागरी लिपीत विचार करणाऱ्याचा फायदाच होतो. शब्द नागरीत लिहिला आणि पहिलं अक्षर स्वर निघालं की ‘ॲन’: ‘ॲन अवर’, ‘ॲन आयटीआय सर्टिफिकेट’, ‘ॲन एचआर मॅनेजर’, ‘ॲन एनसी रिपोर्ट’. पहिलं अक्षर व्यंजन असलं की ‘अ’: ‘अ सीएनसी मशीन’, ‘अ रिजेक्शन’. ‘युनिट’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ यांचा उच्चार ‘य’ने होतो, म्हणून ‘अ युनिट’, ‘अ युनिव्हर्सिटी’. काही नामं मोजली जातच नाहीत, त्यांना ‘अ’ही नाही आणि ‘एस’ही नाही: इन्फर्मेशन, इक्विपमेंट, मशीनरी, फर्निचर. ‘मशीनरीज’ आणि ‘इक्विपमेंट्स’ कारखान्यांच्या पाट्यांवर दिसतात, तरी लिहिताना टाळावेत.

वेळेसाठी मोठ्याकडून छोट्याकडे उतरत जायचं. वर्ष आणि महिना ‘इन’, वार आणि तारीख ‘ऑन’, घड्याळ ‘ॲट’: ‘इन जून’, ‘ऑन मंडे’, ‘ॲट सेव्हन थर्टी’. जागेचंही साधारण असंच: ‘इन सांगवी’, ‘ऑन द फर्स्ट फ्लोअर’, ‘ॲट द गेट’. बाकीची शब्दयोगी भानगड क्रियापदासोबतच पाठ करावी. ‘डिसकस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘मॅरिड’ला ‘विथ’ नव्हे, ‘टु’ लागतो. ‘रिटर्न’च्या पोटात ‘बॅक’ आहेच.

‘केलं’ आणि ‘झालं’

कर्मणी प्रयोग म्हटलं की शाळेतली धास्ती जागी होते. पण शॉप फ्लोअरवरची मराठी तो सकाळ-संध्याकाळ वापरते. ‘इन्स्पेक्टरने जॉब रिजेक्ट केला’ आणि ‘जॉब रिजेक्ट झाला’. पहिलं ‘द इन्स्पेक्टर रिजेक्टेड द जॉब’, दुसरं ‘द जॉब वॉज रिजेक्टेड’. ‘केलं’ असेल तर इंग्रजीत कर्तरी, ‘झालं’ असेल तर बहुधा ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ लावून कर्मणी. ऑर्डर कॅन्सल झाली, ड्रॉइंग अप्रूव्ह झालं, बॅच होल्ड झाली, सगळ्यांना हाच साचा.

‘बहुधा’ म्हणायचं कारण मशीन. ‘मशीन बंद पडलं’ म्हणजे आपोआप पडलं: ‘द मशीन स्टॉप्ड.’ ‘मशीन बंद केलं गेलं’ म्हणजे कोणीतरी केलं: ‘द मशीन वॉज स्टॉप्ड.’ ब्रेकडाउनच्या रिपोर्टमध्ये चुकून ‘वॉज’ पडला की पुढचा प्रश्न येतो, कोणी बंद केलं आणि कोणाला विचारून.

आतापर्यंतचं सगळं एका नोंदीत तपासता येतं. समजा दुसऱ्या शिफ्टला असं घडलं: ‘रात्री साडेनऊला चार नंबरचं मशीन बंद पडलं. कूलंटचा पाइप गळत होता. मी मेंटेनन्सला कळवलं. त्यांनी पाइप बदलला. साडेदहाला मशीन सुरू झालं. बारा जॉब रिजेक्ट झाले.’

इंग्रजी: ‘मशीन नंबर फोर स्टॉप्ड ॲट नाइन थर्टी पीएम. द कूलंट पाइप वॉज लीकिंग. आय इन्फॉर्म्ड मेंटेनन्स. दे रिप्लेस्ड द पाइप. द मशीन रिस्टार्टेड ॲट टेन थर्टी पीएम. ट्वेल्व्ह जॉब्ज वेअर रिजेक्टेड.’

सहा वाक्यांपैकी चार साध्या भूतकाळात आहेत. त्या वेळी चालू असलेली गोष्ट, म्हणजे गळती, ‘आर क्लीनिंग’च्याच साच्यातल्या भूतकाळी ‘वॉज लीकिंग’ने सांगितली आणि शेवटचं ‘झाले’ कर्मणीत गेलं. पाइपला ‘द’ लागला, कारण त्या मशीनला तो पाइप ठरलेला आहे. एकही वाक्य दहा शब्दांवर गेलेलं नाही.

असं लिहिणं बाळबोध वाटेल अशी शंका नको. विमान उद्योगाने देखभालीच्या पुस्तकांसाठी ‘सिंप्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची नियमावलीच केली आहे. १९८६मध्ये तिचं पहिलं रूप आलं. सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत, एका वाक्यात एक सूचना आणि काळ साधे, असे तिचे नियम आहेत. जगभरातल्या मेकॅनिकना इंग्रजी परकं असतं आणि वाक्य चुकीचं वाचलं तर बोल्ट चुकीचा बसतो, म्हणून ही काळजी. चाकणमध्येही जर्मन, जपानी, कोरियन कंपन्यांशी व्यवहार चालतो, म्हणजे मेलच्या दोन्ही टोकांना इंग्रजी परकंच असतं.

‘शॅल’ आणि ‘शुड’

क्वालिटीत काम करणाऱ्यांनी चार सहायक क्रियापदं नीट वाचायला शिकावीत, कारण तिथे व्याकरण थेट ऑडिटच्या निकालात उतरतं. आयएसओ मानकांत त्यांचे अर्थ बांधून दिलेले आहेत. ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे करावं असं सुचवलं आहे, ‘मे’ म्हणजे परवानगी आहे आणि ‘कॅन’ म्हणजे शक्य आहे. वाहन उद्योगाला लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे २०१६चं मानकही ‘शॅल’ याच अर्थाने वापरतं. ‘द ऑर्गनायझेशन शॅल रिटेन’ असं जिथे आहे, तिथे रेकॉर्ड नसेल तर नॉन-कन्फर्मिटी (एनसी), म्हणजे अट न पाळल्याची नोंद, लिहिली जाते. ‘शुड’ असेल तर तो सल्ला असतो. शाळेतला ‘आय शॅल, यू विल’चा जुना नियम इथे पूर्ण बाजूला ठेवायचा.

जाता जाता ‘जर-तर’. ‘मटेरियल आलं तर सांगतो’ यात मराठी भविष्यासाठी ‘आलं’ हे भूतकाळी रूप वापरते. इंग्रजी अशा वेळी ‘इफ’च्या बाजूला वर्तमान आणि दुसऱ्या बाजूला ‘विल’ ठेवते: ‘इफ द मटेरियल कम्स, आय विल टेल यू.’ ‘इफ’ आणि ‘विल’ एका घरात ठेवायचे नाहीत.

मुलाखतीतलं पहिलं उत्तर

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ या प्रश्नावर ठरलेली गाडी सुटते: ‘मायसेल्फ अमुक तमुक. आय ॲम बिलाँग टु लातूर. आय हॅव पास आउट आयटीआय इन २०२१. आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स.’

चारही वाक्यं चुकलेली आहेत, शेवटची दोन तर वर सांगितलेल्याच जागी. ‘मायसेल्फ’ कर्ता होत नाही: ‘माय नेम इज…’ ‘ॲम’ आणि ‘बिलाँग’ ही दोन क्रियापदं शेजारी बसली आहेत, एक काढायचं: ‘आय ॲम फ्रॉम लातूर.’ २०२१ ही संपलेली वेळ, म्हणून ‘हॅव’ नको: ‘आय कंप्लीटेड माय आयटीआय इन २०२१.’ दोन वर्षं हा काळ, म्हणून ‘फॉर’: ‘आय हॅव बीन वर्किंग ॲज अ फिटर फॉर टू इयर्स.’ पुढे दोन वाक्यं स्वतःच्या कामाची जोडावीत, कोणतं मशीन चालवता येतं आणि कोणतं मोजमापाचं साधन वापरता येतं: ‘आय कॅन ऑपरेट अ सीएनसी लेथ. आय यूज अ व्हर्निअर अँड अ मायक्रोमीटर एव्हरी डे.’ नाव, गाव आणि साल सोडून हा मजकूर दुसऱ्याचा उचलू नये, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

वही, पुस्तक आणि आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त कर्ता-क्रियापद आणि ‘डू, डझ, डिड’. दुसऱ्यात साधा भूतकाळ आणि रोज कामावर वापरात येणाऱ्या पन्नास क्रियापदांची भूतकाळी रूपं. तिसऱ्यात ‘हॅव’, ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘मला’चं पान. चौथ्यात ‘केलं-झालं’ आणि छोटे शब्द. रोजचा गृहपाठ एकच: शिफ्ट संपल्यावर त्या दिवशी घडलेल्या पाच गोष्टी आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. लिहून झाल्यावर फोनवरच्या व्याकरण तपासणीला द्यायला हरकत नाही, पण आधी लिहायचं आणि मग तपासायचं. तपासणीने काय बदललं ते लाल पेनाने वहीत उतरवलं की दोन आठवड्यांत आपली नेहमीची चूक कोणती ते दिसू लागतं.

पुस्तकं फार लागत नाहीत. बालभारतीची पाचवी ते सातवीची इंग्रजी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात; मोठ्या माणसाने ती वाचण्यात संकोच कसला? त्यानंतर रेमंड मर्फी यांचं ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ घ्यावं. त्यात एका पानावर नियम आणि समोरच्या पानावर सराव असतो. रेन अँड मार्टिनचं व्याकरण घराघरात असतं. त्यातले पी. सी. रेन मुंबई प्रांताच्या शिक्षण खात्यात नोकरी करत आणि पुढे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून गाजले. त्यांचं हे पुस्तक शंका आली की उघडायला उत्तम, पण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर नामाचे प्रकार संपायच्या आतच महिना जातो. जेरंड, पार्टिसिपल, ‘नो सूनर दॅन’, अप्रत्यक्ष कथनाचे बारकावे हे सगळं स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी ठेवावं. इतरांनी ते सहा महिने पुढे ढकलावं.

ऑडिट किंवा ग्राहकाची भेट महिन्याच्या आतच असेल, तर व्याकरणाच्या आधी तीन वाक्यं तोंडात बसवावीत. ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ ‘कॅन आय शो यू द रेकॉर्ड?’ ‘आय विल चेक अँड गेट बॅक टु यू.’ पहिलं कितीदाही वापरता येतं. दुसरं वापरण्याआधी ते रेकॉर्ड कुठल्या फाइलमध्ये आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवावं. तिसरं जपून वापरावं, कारण ऑडिटर ते लिहून घेतो आणि संध्याकाळच्या क्लोजिंग मीटिंगमध्ये उत्तर मागतो.